प्राचीन ग्रीक गीतकाव्यातला ‘मी’ नेमका कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक गीतकाव्य पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला एक चकवा लागतो. ओळी अडीच हजार वर्षांहून जुन्या असतात, पण बोलणारा माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटतं. माझी ढाल झुडपापाशी राहिली. माझी जीभ लुळी पडली. माझे गुडघे आता मला पेलत नाहीत. इतकं जवळचं बोलणं कानावर पडलं की मन लगेच विचारतं: हे घडलं कोणाच्या बाबतीत? खालचे बहुतेक प्रश्न याच एका कुतूहलातून आलेले आहेत. ही भाषांतरं मित्रमंडळींना वाचून दाखवताना ते मला इतक्यांदा विचारले गेले की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. ओळींची मराठी रूपं माझी आहेत, अर्थापुरती आणि गद्यात.

‘लिरिक’ म्हणजे भावकविताच ना?

मराठीत आपण ‘लिरिक’ला भावकविता म्हणतो आणि पहिली गल्लत तिथेच होते. भाव म्हटलं की तो कवीच्याच मनातला, असं आपण धरून चालतो. मूळ ग्रीक शब्दात भावाचा मागमूस नाही. लिरा हे तंतुवाद्य. त्याच्या साथीने गायचं ते लिरिक. त्याहून जुना शब्द ‘मेलोस’, म्हणजे गाणं. अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी पुढे नऊ गीतकवींची यादी पक्की केली: अल्कमान, सॅफो, अल्कायस, स्टेसिकोरस, इबिकस, अनॅक्रिऑन, सायमोनिडीस, बॅकिलिडीस आणि पिंडर. आर्किलोकस, सोलोन, थिओग्निस, हिप्पोनॅक्स ही मंडळी या यादीत नाहीत, कारण त्यांच्या रचना ‘इयांबोस’ (टोचून, शिव्याशाप देत बोलणारी कविता) आणि ‘एलेजी’ (दोन-दोन ओळींच्या ठरावीक छंदातली कविता) या वेगळ्या प्रकारांत मोडतात. एलेजीला तर साथ ‘ऑलोस’ या फुंकून वाजवायच्या वाद्याची. आज या सगळ्यांना मिळून गीतकाव्य म्हणायची पद्धत आहे आणि मीही इथे तेच करतो आहे. ही कविता कोणीतरी, कोणाच्या तरी समोर, मोठ्याने म्हणण्यासाठी रचलेली होती, एवढं मात्र मनात पक्कं असू द्या. पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे.

‘मी’ म्हणणारा कवीच असणार, असं धरायला हरकत काय?

हरकत अॅरिस्टॉटलने घेतली आहे आणि ती फार मोलाची आहे.

आर्किलोकस हा पॅरॉस बेटावरचा, इ.स.पू. सातव्या शतकातला कवी. त्याच्या काही ओळी अशा: आता कशाचंच नवल वाटून घेऊ नका, अमुक घडणारच नाही अशी शपथ कोणी घेऊ नका, कारण झ्यूसने भर दुपारी सूर्य झाकून रात्र केली. हे ग्रहण इ.स.पू. ६४८ मधलं, ६ एप्रिलचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वाचताना वाटतं की कवीने ग्रहण पाहिलं आणि तो मुळापासून हादरला. अॅरिस्टॉटल मात्र वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात सहज सांगून जातो की या ओळी एका बापाच्या तोंडी आहेत आणि तो आपल्या मुलीविषयी बोलतो आहे. स्वतःच्या तोंडून बोललं तर वाईट दिसेल असं काही असेल तेव्हा ते दुसऱ्याच्या तोंडी घालावं, या युक्तीचं उदाहरण म्हणून तो हे देतो.

त्याच दमात तो दुसरं उदाहरण देतो. ‘सोन्याने मढलेल्या गीगेसच्या संपत्तीचं मला काही नाही’ अशी आर्किलोकसची एक प्रसिद्ध ओळ आहे. गीगेस हा लिडियाचा राजा. राजाच्या धनाचा हेवा न करणारा निःस्पृह कवी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अॅरिस्टॉटल म्हणतो, हे कॅरॉन नावाचा सुतार बोलतो आहे.

या कवितेच्या मोजक्याच ओळी उरल्या आहेत. सुतार पुढे काय म्हणाला, बोलणारा सुतार आहे हे श्रोत्यांना पहिल्याच ओळीला माहीत होतं की शेवटी कळलं, हे आता हाती लागत नाही. पण रोमन कवी होरेसने आर्किलोकसच्या वळणावर ‘एपोड’ नावाच्या कविता लिहिल्या, त्यांतल्या दुसरीत काय केलंय ते पाहा. शेतावरच्या साध्या, कर्जमुक्त आयुष्याचं लांबलचक गुणगान होतं, आणि शेवटच्या चार ओळींत कळतं की बोलणारा अल्फियस नावाचा सावकार आहे. महिन्याच्या मध्यावर त्याने सगळे पैसे वसूल केले आणि पुढच्या एक तारखेला तो ते पुन्हा व्याजाने लावायला निघाला. त्या चार ओळी फाटून गेल्या असत्या तर आपण होरेसला शेतीवेडा म्हणून मोकळे झालो असतो. ग्रीक गीतकाव्याचा बराच भाग आपल्याकडे असाच, शेवट फाटलेला आला आहे.

मग आर्किलोकसने ढाल टाकून पळ काढला, हे खोटं का?

ओळी अशा: माझ्या ढालीवर आता कोणीतरी साइयन मिरवत असेल. झुडपापाशी ती मी टाकली, मनाविरुद्ध. ढालीत खोट काही नव्हती. पण जीव वाचवला. त्या ढालीचं काय एवढं? जाऊ दे. तितकीच चांगली दुसरी घेईन.

साइयन ही थ्रेसमधली टोळी. पॅरॉसच्या लोकांनी उत्तरेला थासॉस बेटावर वसाहत केली होती आणि समोरच्या किनाऱ्यावर अशा चकमकी होत. तेव्हा ढाल खरोखर गेलीही असेल. पण थोड्याच काळाने लेस्बॉसचा अल्कायस अथेन्सविरुद्धच्या सिगेयमच्या लढाईत आपली ढाल घालवतो आणि त्यावर मित्राला कविता लिहून पाठवतो. हेरोडोटस सांगतो की अथेन्सच्या लोकांनी ती ढाल अथीनाच्या देवळात टांगली. आणि कित्येक शतकांनी होरेससुद्धा फिलिप्पीच्या रणात मागे राहिलेल्या आपल्या छोट्या ढालीविषयी लिहितो. म्हणजे हरवलेली ढाल हा तोवर कवींमध्ये हातोहात फिरणारा ऐवज झाला होता.

प्राचीन वाचकही या सापळ्यातून सुटले नाहीत. अथेन्सचा क्रिटियास चिडून म्हणाला होता की या माणसाने स्वतःची इतकी बदनामी स्वतःच केली नसती, तर त्याची आई एनिपो दासी होती, तो गरिबीपायी पॅरॉस सोडून गेला आणि त्याने ढाल टाकली, हे आपल्याला कळलंच नसतं. क्रिटियासने प्रत्येक ‘मी’ कबुलीजबाब म्हणून वाचला.

मला या कवितेत ढालीपेक्षा ती ऐकणारी माणसं जास्त दिसतात. ती शस्त्रं बाळगणारी, लढाईवर जाणारी माणसं होती. रात्री मद्याचा प्याला हाती घेऊन त्यांच्यातला जो कोणी या ओळी म्हणेल, तो तेवढ्यापुरता ढाल टाकून आलेला माणूस होतो. आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपलंही एखादं झुडूप आठवतं.

लायकॅम्बीस आणि त्याच्या मुलींची गोष्ट तरी खरी आहे का?

परंपरा सांगते की लायकॅम्बीसने आपली मुलगी निओबुली आर्किलोकसला देऊ केली आणि नंतर शब्द फिरवला. कवीने इतक्या जहरी कविता रचल्या की बाप आणि मुली गळफास लावून मेल्या. १९७४ साली कोलोनच्या पपायरसवरची (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावरची) एक कविता प्रसिद्ध झाली आणि वाद पुन्हा पेटला. तीत ‘मी’ निओबुलीला नाकारतो, तिच्या धाकट्या बहिणीला बोलण्यात गुंतवतो आणि फुलांच्या ताटव्यात निजवतो. हे वाचून काहींनी थेट कवीच्या मानसिक प्रकृतीचं निदान करून टाकलं. ती कविता प्रसिद्ध करणाऱ्यांपैकी एक असलेल्या मार्टिन वेस्टने त्याच सुमारास वेगळा मुद्दा मांडला: ‘लायकॅम्बीस’ या नावातच ‘इयांबोस’ची छाया आहे आणि ही ठरीव पात्रं असावीत, तमाशातल्या मावशीसारखी, प्रेक्षक जिला येताक्षणी ओळखतात. (मावशीची उपमा माझी.) पॅरॉसच्या लोकांनी मात्र कवीचं स्मारक उभारलं. तिथल्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या शिलालेखात कथा आहे की लहानपणी तो गाय विकायला निघाला, चांदण्यात त्याला काही बायका भेटल्या, थट्टामस्करी झाली, आणि त्या गायीसकट नाहीशा झाल्या. पाहतो तर पायाशी लिरा. त्या अर्थातच काव्यदेवता होत्या.

सॅफो स्वतःचं नाव घेते. मग तिथे तरी शंका कशाला?

नाव येतं, पण कसं येतं ते पाहू. सॅफो इ.स.पू. ६३० च्या सुमारास लेस्बॉस बेटावर जन्मली. अफ्रोडायटीला उद्देशून असलेलं तिचं २८ ओळींचं स्तोत्र जवळजवळ पूर्ण टिकलं आहे. सुरुवातीला ‘मी’ देवीला हाक मारते: ये, पूर्वी आली होतीस तशी ये. मग ती जुनी भेट सांगते. चिमण्या देवीचा रथ ओढत आणतात, देवी हसत विचारते की आता पुन्हा काय झालं. आणि तिथे बोलणारी बदलते. देवीच थेट बोलू लागते: कोण तुला दुखावतंय, सॅफो? आज ती पळत असेल तर लवकरच मागे लागेल.

आता हे गाणाऱ्या व्यक्तीच्या जागी उभं राहा. पहिल्या कडव्यांत तुम्ही प्रार्थना करता. मधल्या ओळींत तुम्ही देवी होता आणि सॅफोला नावाने हाक मारता. शेवटी पुन्हा प्रार्थना. म्हणजे ज्या क्षणी नाव उच्चारलं जातं, त्या क्षणी गाणाऱ्याच्या तोंडी सॅफो नसतेच. सॅफो ऐकणारी असते. दुसऱ्या एका तुकड्यात निरोप घेणारी मुलगी रडत म्हणते, ‘सॅफो, मी मनाविरुद्ध तुला सोडून जातेय.’ तिथेही नाव दुसऱ्याच्याच तोंडून. हा योगायोग असेल, पण मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. आपलं नाव आपल्याला बहुधा दुसऱ्याच्याच तोंडून ऐकू येतं.

मराठीत भाषांतर करताना या ‘मी’चं काय होतं?

माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, म्हणून जरा सावकाश.

ग्रीक क्रियापदाच्या प्रत्ययात पुरुष आणि वचन कळतं, लिंग कळत नाही. ‘मी’साठी ‘एगो’ हा वेगळा शब्द आहे, पण तो जोर द्यायचा असेल तेव्हाच येतो. मराठीत ‘मी’ गाळता येतो, पण ‘जातो’ की ‘जाते’, ‘झालो’ की ‘झाले’, हे ठरवावंच लागतं. म्हणजे ग्रीक कवीने झाकून ठेवलेलं आपलं क्रियापद पहिल्या ओळीतच सांगून टाकू शकतं.

सॅफोची ती दुसरी प्रसिद्ध कविता घ्या: तुझ्यासमोर बसून तुझं गोड बोलणं आणि हसणं ऐकणारा तो पुरुष मला देवांच्या तोडीचा वाटतो. समोरची ‘तू’ स्त्री आहे हे लवकर कळतं. ‘मी’ कोण, हे चौदाव्या ओळीपर्यंत व्याकरण सांगत नाही. तिथे ‘गवताहून हिरवी’ असं स्त्रीलिंगी विशेषण येतं आणि पडदा सरकतो. मी पहिल्या खर्ड्यात ‘तुला पाहते तेव्हा’ असं लिहून गेलो आणि चौदाव्या ओळीचं गुपित दुसऱ्याच कडव्यात फोडून बसलो.

मग मूळ कविता पुन्हा नीट वाचली आणि लक्षात आलं की वाट तिथेच होती. त्या कडव्यांत ‘मी’ जवळपास काही करतच नाही. जीभ लुळी पडते, कातडीखालून आग धावते, डोळ्यांना दिसत नाही, कान घणघणतात, घाम फुटतो, कंप धरतो. कर्ता प्रत्येक वेळी शरीराचा एखादा भाग, नाहीतर बाहेरून येऊन झडप घालणारं काही. आणि मराठीचं बलस्थान नेमकं हेच आहे: मला वाटतं, मला सुचत नाही, माझी जीभ वळत नाही. ‘तुझ्याकडे नजर गेली की’ असं म्हटलं की क्रियापदाला लिंग विचारायची वेळच येत नाही. सगळी कविता अशी ‘मला’ आणि ‘माझं’वर पेलत नेली आणि शेवटी ‘गवताहून हिरवी झाले’ म्हटलं, तेव्हा ती एकदाची श्वास घेऊ लागली.

ही कविता आपल्यापर्यंत पोचली ती ‘उदात्ता’वरच्या एका ग्रंथात तिचा उतारा दिला म्हणून. आणि तीही ‘पण सगळं सोसायला हवं’ या शब्दांनंतर लगेच तुटते.

पुरुष कवी स्त्रीचा ‘मी’ वापरत होते का?

हो, आणि अगदी सहज. अल्कायसच्या एका कवितेची सुरुवात ‘मी अभागी, सगळी दुःखं वाट्याला आलेली’ अशी आहे आणि विशेषणं स्त्रीलिंगी आहेत. अनॅक्रिऑनची एक ओळ: ‘नदीवरून मी परत येतेय, सगळं लख्ख करून.’ एवढीच उरली आहे. धुणं घेऊन येणारी ती बाई कोण, पुढे तिचं काय झालं, काही हाती नाही. पण धातुसाधितातल्या स्त्रीलिंगी रूपामुळे ती आहे एवढं नक्की. थिओग्निसच्या नावावरच्या संग्रहात तर एक घोडी बोलते: मी देखणी, शर्यती जिंकणारी, पण पाठीवर बसलाय तो माणूस अगदी नालायक.

लावणी आणि गवळण ज्या कानांनी ऐकल्या आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागू नये. शाहीर पुरुष असतो आणि लावणीत ‘मी’ म्हणणारी स्त्री असते, यावर कोणी अडखळत नाही. छापलेलं पुस्तक उघडलं की मात्र तोच मराठी वाचक कवीचं चरित्र शोधू लागतो.

समूहाने गायच्या गीतात ‘मी’ कोण असतो?

इथे मामला आणखी मजेदार होतो. अल्कमानने स्पार्टाच्या कुमारिकांसाठी गीतं रचली. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या तुकड्याचा पपायरस १८५५ साली इजिप्तमध्ये सक्काराजवळ सापडला. तो आता लूव्र संग्रहालयात आहे. मुली एकमेकींची नावं घेतात, अगिडोची, हागेसिकोराची, तिच्या सोन्यासारख्या केसांची स्तुती करतात आणि म्हणतात: मी आपली साधी मुलगी, आढ्यावरच्या घुबडासारखी उगाच किंचाळतेय. हा ‘मी’ अल्कमानचा असूच शकत नाही. तो एका मुलीचाही नाही. नाचणाऱ्या सगळ्याजणी मिळून एकवचनात बोलतात. देवळातल्या आरतीत पन्नास माणसं ‘मी’ म्हणतात तसंच.

पिंडरच्या एका स्तोत्रात थ्रेसमधल्या अब्देरा शहराचे लोक गातात आणि ‘मी’ म्हणजे चक्क ते शहर: ‘मी तरुण नगर आहे.’

पण खेळाडूंच्या विजयावरची पिंडरची गीतं फार अवघड. कायरीनीच्या राजासाठी लिहिलेल्या पाचव्या पायथियन गीतात (म्हणजे डेल्फीच्या स्पर्धांतल्या विजयावरच्या गीतात) ‘माझे पूर्वज एजिडी’ असा एका कुळाचा उल्लेख येतो. थीबझच्या पिंडरचे पूर्वज, की गाणाऱ्या कायरीनीकरांचे? हा वाद प्राचीन टीकाकारांपासून चालू आहे. आठव्या पायथियन गीतात ‘मी’ डेल्फीच्या वाटेवर असताना मृत वीर अल्कमिऑन भेटतो आणि भविष्य सांगतो. कोण निघालं होतं डेल्फीला? कवी, की इ.स.पू. ४४६ च्या स्पर्धेत जिंकणारा एजायनाचा कुस्तीगीर? मेरी लेफ्कोविट्झ यांनी १९६३ साली मांडलं की विजयगीतांत ‘मी’ कवीचा, त्याच्या व्यवसायाचा असतो आणि देवतास्तोत्रांत समूहाचा. त्याच्या आदल्या वर्षी एल्रॉय बंडी यांनी दाखवून दिलं होतं की पिंडरची खासगी वाटणारी विधानं पुष्कळदा स्तुतीच्या रूढ चाली असतात. विजयगीतं मुळात समूहाने गायची की एकट्याने, यावरही १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासकांत जोरात वाद झाला. मला लेफ्कोविट्झ यांची विभागणी अजूनही उपयोगी वाटते, पण पाचव्या पायथियन गीतापाशी ती दमते.

दगडही ‘मी’ म्हणत, हे खरं आहे?

खरं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथेच आहे. १९७२ साली अॅटिकात मेरेंडा इथे एका तरुणीचा संगमरवरी पुतळा जमिनीतून निघाला. इ.स.पू. सहाव्या शतकातलं ते काम पॅरॉसच्या अरिस्टिऑनचं. पुतळ्याचा कोरीव लेखाचा चौथरा आधीपासून माहीत होता. त्यावर लिहिलंय: फ्रासिक्लेयाची खूण. मी कायम कुमारीच म्हणवली जाईन. लग्नाच्या जागी देवांकडून हे नाव वाट्याला आलं.

त्या काळी वाचन मोठ्याने होई. रस्त्याने जाणारा एखादा दाढीवाला शेतकरी थांबून ही अक्षरं लावू लागला की त्याच्या तोंडून निघणार, ‘मी कायम कुमारीच म्हणवली जाईन.’ तेवढा वेळ त्याचा आवाज तिचा. लेख कोरणाऱ्याने जागा रिकामी ठेवली आणि जो येईल त्याने ती भरायची. गीतकाव्यातला ‘मी’सुद्धा बराचसा असाच आहे, असं मला वाटतं: उभं राहायची एक जागा.

आपल्या ‘तुका म्हणे’सारखी नाममुद्रा ग्रीकांकडे होती का?

होती, पण तिची जागा ठरलेली नव्हती. ‘स्फ्रागिस’ म्हणजे मोहोर हा शब्द थिओग्निसच्या, किर्नॉस नावाच्या तरुणाला उद्देशून असलेल्या ओळींतून येतो: किर्नॉस, या ओळींवर माझी मोहोर असू दे, म्हणजे चोरी झाली तर लपणार नाही. दुर्दैव असं की त्याच्या नावावरच्या सुमारे १४०० ओळींत सोलोन, मिम्नेर्मस अशा इतरांच्या ओळी घुसलेल्या सापडतात. अल्कमान सांगतो की पक्ष्यांची बोली ऐकून हे शब्द आणि ही चाल अल्कमानने शोधली. हिप्पोनॅक्स थंडीने कुडकुडत देवाकडे मागतो: हिप्पोनॅक्सला एक अंगरखा दे.

अभंग गाणारा वारकरी ‘तुका म्हणे’ म्हणतो तेव्हा तो तुकाराम होत नाही, आणि तरी शब्द त्याचेच असतात. नाव मूळ माणसाचं, श्वास गाणाऱ्याचा. हिप्पोनॅक्सचा अंगरखा मागणाऱ्या पुढच्या गायकालाही थंडी स्वतःचीच वाजत असणार.

ग्रीक गीतकवींनी ‘व्यक्ती’चा शोध लावला, असं वाचलं होतं. ते बरोबर आहे का?

हे मत जर्मन विद्वान ब्रूनो श्नेल यांच्या १९४६ च्या पुस्तकामुळे दूरवर पसरलं. होमर ‘मी’ बोलत नाही, मग गीतकवी बोलू लागतात, म्हणजे युरोपीय मन स्वतःला ओळखू लागलं, अशी ती मांडणी. दुसऱ्या महायुद्धातून बाहेर पडणाऱ्या वाचकांना ती का भावली असेल हे कळतं. पण केनेथ डोव्हर यांनी दाखवलं की लेखन नसलेल्या समाजांच्या लोकगीतांतही ‘मी’ असतो आणि तो वाटेल त्याचा असू शकतो. होमरच्या आधीही ग्रीक बायका दळताना, पाळणा हलवताना गातच असणार. गाण्यातला ‘मी’ महाकाव्यानंतर जन्मला नाही, लिहून ठेवला गेला तो उशिरा.

म्हणजे सगळेच मुखवटे? खरं काहीच नाही?

असंही मला म्हणायचं नाही. हे टोक गाठणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्याशी माझं पटत नाही.

सोलोन घ्या. इ.स.पू. ५९४ साली तो अथेन्सचा आर्कॉन, म्हणजे मुख्य शासक झाला, लोकांना कर्जातून सोडवलं, आणि ‘मी हे केलं’ असं तो कवितेत सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्या अथेन्सकरांना ते खरंच झालेलं माहीत होतं. तिथे ‘मी’ला हिशेब द्यावा लागतो. पण तोच सोलोन सलामिसवरच्या कवितेत म्हणतो, ‘मी सलामिसहून दूत म्हणून आलोय’, आणि प्लुटार्कच्या सांगण्याप्रमाणे डोक्यावर टोपी घालून वेड्याचं सोंग घेऊन त्याने ती बाजारचौकात म्हटली. आणखी एका कवितेत तो आपल्या टीकाकाराचा आवाज काढतो: सोलोन अगदीच बावळट, देवाने हातात दिलेलं त्याने घेतलं नाही, मला एक दिवस अथेन्सची सत्ता मिळाली असती तर नंतर माझ्या कातड्याची पखाल केली असती तरी चाललं असतं. इथे ‘मी’ म्हणजे सोलोनवर हसणारा माणूस. एकाच कवीकडे तीन ‘मी’, आणि तिन्ही त्याला लागत होते.

सॅफोचंही तसंच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पपायरसमध्ये ‘मी’ कोणालातरी दटावते आहे की कॅरॅक्सॉस भरलेलं जहाज घेऊन येईल असं सारखं काय बडबडतेस. तो कागद कुठून आला याची सांगितलेली हकीकत पुढे टिकली नाही, आणि ती बाब गंभीर आहे. पण कॅरॅक्सॉस हे सॅफोच्या भावाचं नाव हेरोडोटसलाही ठाऊक होतं. खरा भाऊ, खरं गाव, कदाचित खरी काळजी. तरीही उरलेल्या ओळींत बोलणाऱ्याचं नाव नाही आणि ऐकणाऱ्याचंही नाही. व्यापारावर गेलेल्या भावाची वाट पाहणाऱ्या लेस्बॉसमधल्या कुठल्याही घरात हे गाणं जसंच्या तसं म्हणता आलं असतं.

मग कवींची एवढी रंगीत चरित्रं आली कुठून?

बहुतेक कवितांतूनच. सॅफोने फेऑन नावाच्या पुरुषाच्या प्रेमापायी लूकसच्या कड्यावरून उडी मारली, हेलनची निंदा केली म्हणून स्टेसिकोरस आंधळा झाला आणि शब्द मागे घेताच त्याला दिसू लागलं. ‘मी’ म्हणून गायलेल्या ओळी पुढच्या पिढ्यांनी जबानी म्हणून नोंदवल्या.

कवितेत सारखं ‘पुन्हा’ का येतं?

‘देउते’ हा शब्द. अर्थ साधारण ‘हे बघ, पुन्हा’. ‘इरॉस पुन्हा मला हलवून सोडतोय, गोड-कडू, आवरता न येणारा’, हे सॅफोचं. (इरॉस म्हणजे प्रेमाचा देव.) ‘सोनेरी केसांचा इरॉस पुन्हा मला जांभळा चेंडू मारतोय’, हे अनॅक्रिऑनचं. अफ्रोडायटीच्या स्तोत्रात हा शब्द तीनदा येतो: पुन्हा काय झालं, पुन्हा का हाक मारलीस, पुन्हा कोणाचं मन वळवू?

प्रेमात पुन्हापुन्हा पडणं हा अर्थ आहेच. पण गाणं दुसऱ्यांदा, दहाव्यांदा म्हटलं जातं तेव्हा हा शब्द दरवेळी आणखी खरा होतो. ‘आत्ता’ आणि ‘पुन्हा’ एकाच शब्दात. आपलं गाणं आपल्यानंतर गायलं जाणार, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच हा शब्द इतका प्रिय असणार.

कवी गेल्यावर त्याच्या ‘मी’चं काय होतं?

दुसरे तो उचलतात. मद्यपानाच्या बैठकींत एक डहाळी हातोहात फिरायची आणि ज्याच्या हाती ती येईल त्याने गायचं. एक जुनी गोष्ट सांगतात की म्हाताऱ्या सोलोनने आपल्या पुतण्याच्या तोंडून सॅफोचं गाणं ऐकलं आणि म्हणाला, मला शिकव. कशाला, असं कोणी विचारलं, तर उत्तर आलं: शिकून मग मरायला. अथेन्सचा एक पोरगा लेस्बॉसच्या बाईचा ‘मी’ गातो आणि राज्य चालवलेला म्हातारा तो मागून घेतो.

रोमचा कॅटुलस सॅफोची ‘तो मला देवांच्या तोडीचा वाटतो’ ही कविता लॅटिनमध्ये आणतो तेव्हा ‘मी’ पुरुष होतो, समोर त्याची प्रेयसी लेस्बिया येते आणि शेवटच्या कडव्यात कवी स्वतःलाच नावाने हाक मारून रागावतो.

आणि अनॅक्रिऑन. त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकं कोणकोण अनामिक लोक त्याच्या आवाजात लिहीत राहिले. अशा साठेक कविता एका हस्तलिखितात टिकल्या आणि १५५४ साली पॅरिसमध्ये छापल्या गेल्या. पहिलीच कविता स्वप्नाची आहे. म्हातारा अनॅक्रिऑन दिसतो, देखणा, ओठांना मद्याचा वास, पाय लटपटताहेत, इरॉसने त्याचा हात धरलाय. तो आपल्या डोक्यावरची फुलमाळ काढून स्वप्न पाहणाऱ्याला देतो. माळेला अनॅक्रिऑनचाच वास येत असतो. आणि तो नाव नसलेला माणूस म्हणतो: मी वेड्यासारखी ती उचलली, कपाळावर बांधली, आणि तेव्हापासून प्रेमातून सुटलो नाही.